कुणाच्या हाताचं माप

जोसेफ हॉफमन व्यासपीठावर वाजवायला बसे, तेव्हा श्रोत्यांना त्याचा पियानो इतर कुठल्याही मोठ्या पियानोसारखाच दिसे. तोच काळा चकचकीत देह आणि तेच स्टाइनवे हे नाव. फरक कळायला अगदी जवळ जावं लागलं असतं. स्टाइनवे कंपनीने हॉफमनसाठी काही पियानो मुद्दाम वेगळे बांधले होते, त्यांच्या पट्ट्या नेहमीपेक्षा किंचित अरुंद होत्या. हॉफमनचे हात लहान होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्याची गणना जगातल्या पहिल्या काही पियानोवादकांत होत होती, त्याला दुकानात मिळणारा पियानो थोडा मोठा पडत होता.

आजच्या पियानोवर एक सप्तक, म्हणजे सात पांढऱ्या पट्ट्या, साधारण साडेसोळा सेंटिमीटर जागा घेतं. हे माप निसर्गाने ठरवलेलं नाही. मोझार्टच्या काळातल्या व्हिएन्नाच्या पियानोंच्या पट्ट्या याहून अरुंद असत. एकोणिसाव्या शतकात वाद्यं मोठी झाली, सभागृहं मोठी झाली, कारखान्यांत एकसारखे पियानो तयार होऊ लागले आणि आजचं माप कायम झालं. ते कायम होत असताना नजरेसमोर जे हात होते, ते बहुतेक युरोपीय पुरुषांचे होते. पुढे जगभरच्या मुलामुलींना त्याच मापाशी जुळवून घ्यावं लागलं. ज्यांचा पंजा पुरेना, त्यांना आपला हातच कमी पडतो असं वाटत राहिलं.

हॉफमनच्या बाबतीत मात्र वाद्य हाताकडे आलं. त्याने लबाडी केली, असं तेव्हा कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

पोलंडमधल्या क्राकोव्हला लागून असलेल्या पॉडगूझे इथे 1876 साली त्याचा जन्म झाला. वडील संगीतकार आणि शिक्षक. मुलगा इतक्या लहान वयात इतका तयार झाला, की अकराव्या वर्षी, 1887 मध्ये, तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये वाजवत होता. पाठोपाठ कार्यक्रमांची रीघ लागली. मुलांचा छळ रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने त्यात हस्तक्षेप केला, आणि आल्फ्रेड कॉर्निंग क्लार्क या धनिकाने त्याच्या कुटुंबाला 50 हजार डॉलर देऊ केले. अट एकच होती : अठरा वर्षांचा होईपर्यंत या मुलाने जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत. त्या पैशाने एका मुलाला शिकण्यासाठी निवांत वर्षं मिळवून दिली. पुढे शिक्षक झालेल्या हॉफमनचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

त्या वर्षांत त्याला गुरू मिळाला तो आंतोन रुबिनस्टाइन. ड्रेस्डेनच्या एका हॉटेलात रुबिनस्टाइनचा मुक्काम असे आणि हॉफमन बर्लिनहून शिकायला तिथे जाई. दोन हंगामांत 42 धडे झाले. रुबिनस्टाइनची पद्धत विलक्षण होती. एकदा आणलेली रचना विद्यार्थ्याने पुन्हा आणायची नाही. स्वतः वाजवून दाखवणंही नाही. तो बोलायचा, प्रश्न विचारायचा, रचनेतला भाव कसा आहे ते सांगायचा. तो स्वर हातातून कसा काढायचा, याचा शोध मुलाने स्वतः घ्यायचा. रुबिनस्टाइनचे पंजे थोराड होते आणि समोरच्या मुलाचे हात लहान. गुरूने वाजवून दाखवलं असतं, तर मुलाने एका वेगळ्याच शरीराची नक्कल करण्यात वर्षं घालवली असती. अठराव्या वर्षी हॉफमन हॅम्बर्गमध्ये पुन्हा श्रोत्यांसमोर आला, तेव्हा गुरूचीच डी मायनरमधली कॉन्चेर्टो त्याने वाजवली आणि वाद्यवृंदापुढे खुद्द रुबिनस्टाइन उभा होता. त्याच वर्षी रुबिनस्टाइन वारला.

1924 साली फिलाडेल्फियात मेरी लुईस कर्टिस बोक यांनी कर्टिस इन्स्टिट्यूट ही संगीतशाळा काढली. पियानो विभाग हॉफमनकडे आला आणि 1927 पासून तो संपूर्ण संस्थेचा संचालक झाला. व्हायोलिनला लिओपोल्ड आउअर आणि एफ्रेम झिंबालिस्ट, गायनाला मार्सेला झेंब्रिख, वाद्यवृंदाला फ्रिट्झ रायनर अशी माणसं तिथे शिकवू लागली. 1928 पासून तिथल्या एकाही विद्यार्थ्याकडून फी घेतली गेलेली नाही. हात ऐकण्याजोगे आहेत की नाहीत, एवढंच पाहून प्रवेश मिळतो. ज्याच्या स्वतःच्या शिक्षणाचा खर्च एका परक्या माणसाने उचलला होता, त्याच्या कारकिर्दीत हे घडलं.

त्याच्या विद्यार्थ्यांत ओडेसाहून आलेला शुरा चेर्कास्की होता, बुटका आणि लहान चणीचा. हा मुलगा आधी रखमानिनोव्हकडे गेला होता. रखमानिनोव्हने सांगितलं, दोन वर्षं कार्यक्रम बंद ठेव आणि हाताची ठेवण बदल. हॉफमनने वेगळं सांगितलं : वाजवत राहा, लोकांसमोर जात राहा. चेर्कास्कीने हॉफमनला गुरू मानलं. रोज चार तासांचा सराव हा गुरूचा सल्ला त्याने वयाच्या ऐंशीनंतरही पाळला. दोन्ही सल्ले थोर वादकांचे होते. त्यांतला एक विद्यार्थ्याचा हात दुरुस्त करायला निघाला होता, दुसऱ्याने आहे त्या हातावर भरवसा ठेवला.

याच रखमानिनोव्हने 1909 मध्ये आपली तिसरी पियानो कॉन्चेर्टो हॉफमनला अर्पण केली होती. हॉफमनने ती एकदाही जाहीर कार्यक्रमात वाजवली नाही. रखमानिनोव्हचे पंजे प्रचंड होते आणि ती रचना त्या पंजांतून उतरली आहे, हे ती ऐकणाऱ्याला जाणवतं.

हॉफमनचं आणखी एक आयुष्य पियानोपासून दूर, कार्यशाळेत चालत असे. त्याच्या नावावर 70 च्या आसपास पेटंटं आहेत. त्यांतलं सर्वांत गाजलेलं आणि त्याला भरपूर पैसा मिळवून देणारं काम म्हणजे मोटारी आणि विमानांसाठी हवेच्या दाबावर चालणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. चाक खड्ड्यात गेलं की जो धक्का बसतो, तो मधल्या मधे पचवायचा, माणसापर्यंत पोचू द्यायचा नाही.

धक्का पचवता येतो, तसा तो साठवून परतही करता येतो. कृत्रिम पाय म्हणून बसवल्या जाणाऱ्या, धावण्याच्या ब्लेडचं सगळं शास्त्र या दुसऱ्या शक्यतेवर उभं आहे.

1976 साली अमेरिकेत व्हॅन फिलिप्स नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाचा पाय वॉटर स्कीइंगच्या अपघातात गुडघ्याखाली तुटला. त्याला मिळालेला कृत्रिम पाय लाकूड आणि रबराचा होता. उभं राहायला, चालायला ठीक होता, पण धावायला जड आणि निर्जीव. फिलिप्स स्वतःच कृत्रिम अवयवांचं शास्त्र शिकला आणि युटामध्ये विमान उद्योगातली संमिश्र द्रव्यं जाणणाऱ्या डेल अबिल्डस्कोव्ह या अभियंत्याबरोबर काम करू लागला. पायाचं रूप पायासारखंच असलं पाहिजे, हा आग्रह त्याने सोडला. चित्त्याचा मागचा पाय, पोहण्याच्या तलावावरची उसळती फळी आणि घरातली वडिलांची वाकडी तलवार त्याच्या नजरेसमोर होती. त्यातून कार्बन फायबरचे थर एकावर एक बसवून केलेला, टाच नसलेला, वाकून पुन्हा सरळ होणारा पाय तयार झाला. 1984 मध्ये फ्लेक्स-फूट कंपनी निघाली. पुढे 2000 साली आइसलँडच्या ओसुर कंपनीने ती विकत घेतली.

ब्लेड बसवणं हे शिंप्याच्या कामाहून नाजूक काम आहे. उरलेल्या पायाचा साचा घेऊन त्याचं सॉकेट बनवायचं, आत मऊ अस्तर, सॉकेटला ब्लेड जोडायचं आणि तळाला खिळ्यांचा सोल चिकटवायचा. ब्लेड किती ताठ हवं, हे धावणाऱ्याच्या वजनावरून आणि वेगावरून ठरतं. पाय दिवसभरात थोडा सुजतो, थोडा आकसतो. सॉकेट सैल झालं की जोर वाया जातो, घट्ट झालं की कातडी सोलवटते. दोन्ही पायांना ब्लेड असलेल्या धावपटूला स्थिर उभं राहणंही सोपं नसतं. टाच नसल्यामुळे तोल सांभाळायला तो जागच्या जागी पावलं टाकत राहतो. प्रेक्षकांना ती अस्वस्थता वाटते, पण ती त्या उपकरणाची गरज असते.

हे उपकरण जगभर गाजलं ते ऑस्कर पिस्टोरियसमुळे. दक्षिण आफ्रिकेच्या या धावपटूचे दोन्ही पाय तो अकरा महिन्यांचा असताना गुडघ्याखाली कापावे लागले होते. पुढे 2013 मध्ये त्याने रीवा स्टीनकॅम्पचा जीव घेतला आणि त्याला खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. त्याच्याबद्दल लिहिताना हे बाजूला ठेवता येणार नाही. पण ब्लेडविषयीचा वाद त्याआधी सुरू झाला आणि तो एका माणसापुरता राहिला नाही.

2007 च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने स्प्रिंग, चाकं किंवा अशा प्रकारे फायदा देणाऱ्या तांत्रिक साधनांना बंदी घालणारा नियम केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलोनच्या क्रीडा विद्यापीठात गेर्ट-पीटर ब्रुगमन यांनी पिस्टोरियसच्या चाचण्या घेतल्या. त्याच वेगाने धावणाऱ्या इतरांपेक्षा त्याला सुमारे 25 टक्के कमी ऊर्जा लागते, असा निष्कर्ष निघाला. ब्लेडमध्ये साठलेल्या ऊर्जेतली फक्त 9 टक्क्यांच्या आसपास वाया जात होती, तर माणसाच्या घोट्यात 40 टक्क्यांहून जास्त. जानेवारी 2008 मध्ये महासंघाने त्याला अपात्र ठरवलं.

चार महिन्यांनी, 16 मे रोजी, क्रीडा लवाद न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कारण साधं आणि महत्त्वाचं होतं. चाचणीत फक्त सरळ मार्गावरचं, पूर्ण वेग गाठल्यानंतरचं धावणं मोजलं गेलं होतं. शर्यत त्याहून मोठी असते. आरंभी ठोकळ्यांवरून उठताना घोटा आणि पोटरी जो रेटा देतात, तो ब्लेड देऊ शकत नाही. ब्लेड मिळालेलंच परत देतं, स्वतः नवं काही निर्माण करत नाही. वळणावर तोल सांभाळावा लागतो. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा होता, की पूर्ण 400 मीटरचा हिशेब मांडल्यावर शिल्लक कुणाच्या बाजूला उरते. ते सिद्ध झालं नव्हतं.

पिस्टोरियसच्या बाजूने चाचण्या करणाऱ्या शास्त्रज्ञांत एमआयटीचे ह्यू हेर होते. तरुणपणी गिर्यारोहण करताना माउंट वॉशिंग्टनवर हिमदंशाने त्यांचे दोन्ही पाय गेले. मग त्यांनी स्वतःसाठी असे पाय बनवले, की कड्यानुसार त्यांची उंची कमीजास्त करता येई, आणि ते पुन्हा चढू लागले. त्याच गटात पीटर वेयांड होते. गटाचा शोधनिबंध 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्टोरियसला लागणारी ऊर्जा आणि येणारा थकवा इतर धावपटूंसारखाच आहे, पण त्याची धावण्याची यांत्रिक रीत वेगळी आहे, असं त्यात म्हटलं होतं. आणि मग लेखकांमध्येच फूट पडली. वेयांड आणि त्यांचे एक सहकारी म्हणाले, हलक्या पायांमुळे तो पाय विलक्षण वेगाने पुढे आणतो, यातून 400 मीटरमध्ये 10 सेकंदांच्या आसपास फायदा होतो. हेर, रॉजर क्रॅम आणि इतरांनी लिहिलं की जमिनीवर कमी पडणारा रेटा भरून काढायलाच तो पाय भरभर हलवतो. तीच आकडेवारी, तेच प्रयोग, आणि दोन प्रामाणिक उत्तरं.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्टोरियस 400 मीटरच्या उपांत्य फेरीत शेवटचा आला. शर्यत संपल्यावर ती जिंकणाऱ्या ग्रेनडाच्या किरानी जेम्सने त्याच्याकडे जाऊन आपल्या छातीवरचा नावाचा कागद त्याच्याशी बदलून घेतला. पुढे काही आठवड्यांतच पॅरालिंपिकमध्ये 200 मीटरला ब्राझीलचा आलान ओलिव्हेरा पिस्टोरियसच्या पुढे गेला, तेव्हा तक्रार खुद्द पिस्टोरियसने केली : ओलिव्हेराची ब्लेडं फार लांब आहेत. ती नियमात बसणारी होती. पिस्टोरियसने तक्रारीच्या वेळेबद्दल माफी मागितली, पण मुद्दा मागे घेतला नाही.

लांबीचा हा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. एकाच पायाला ब्लेड असेल, तर दुसरा पाय लांबी ठरवून देतो. दोन्ही पाय कृत्रिम असतील, तर माणूस किती उंच असायला हवा होता, याला काही साक्षीदारच उरत नाही. म्हणून पॅरालिंपिकमध्ये शरीराच्या इतर मापांवरून कमाल उभी उंची काढण्याचं सूत्र वापरतात. 2018 पासून ते आणखी कडक झालं. 2020 मध्ये दोन्ही पायांना ब्लेड लावून धावणारा अमेरिकेचा ब्लेक लीपर ऑलिंपिकसाठी परवानगी मागत लवाद न्यायालयात गेला. फायदा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धावपटूवर टाकणं बेकायदा आहे, असं न्यायालयाने ठरवलं. ही बाजू तो जिंकला. पण त्याची ब्लेडं त्याला सूत्राने येणाऱ्या उंचीपेक्षा सुमारे 15 सेंटिमीटर उंच करतात आणि त्यातून त्याला फायदा मिळतो, असं सांगून त्याच्या ब्लेडना परवानगी नाकारली. लीपर कृष्णवर्णीय आहे. सूत्र ज्या अभ्यासांवरून बसवलं, त्यांत कृष्णवर्णीय माणसंच नव्हती, असं त्याच्या बाजूने मांडलं गेलं. धडाच्या मानाने पायांची लांबी सगळ्या मानवसमूहांत सारखी नसते, हे मानववंशशास्त्राला जुनं ठाऊक आहे.

इथे पियानोच्या पट्ट्या आणि धावपट्टीवरची ब्लेडं एकमेकांजवळ येतात. साडेसोळा सेंटिमीटरचं सप्तक काय आणि कमाल उंचीचं सूत्र काय, दोन्ही आकडे निःपक्ष दिसतात. दोन्हींमागे विशिष्ट माणसं मापली गेली आहेत आणि काही माणसं मापली गेलेलीच नाहीत. आपल्या मैफलीत गायिका आधी आपला षड्ज सांगते, मग त्या स्वराला तंबोरा लागतो. तिचा गळा तंबोऱ्याला शरण जात नाही. हॉफमनने स्टाइनवेकडून नेमकं हेच करून घेतलं.

पण संगीतापुरतं जे सोपं आहे, ते शर्यतीत तितकं सोपं नाही, हेही मानायला हवं. हॉफमनच्या अरुंद पट्ट्यांनी शेजारच्या मार्गिकेतल्या कुणाचं पदक गेलं नाही. 400 मीटरला आठ जण धावतात आणि एकाला मिळालेलं दुसऱ्याचं गेलेलं असतं. शेजारच्या धावपटूलाही न्याय हवा आहे आणि त्याची शंका द्वेषातूनच येते असं नाही. शिवाय संगीतातही स्पर्धा असतात. अमेरिकेत डेव्हिड स्टाइनबुलर यांनी साडेपाच आणि सहा इंची सप्तकाच्या पट्ट्या बनवायला घेतल्या आणि डॅलसमधल्या पियानो स्पर्धेत वादकांना हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या निवडायची मुभा मिळाली. तिथे परीक्षक कानाने निवाडा करतात. लहान हाताच्या मुलीने मोठं सप्तक लीलया घेतलं, तर ऐकणाऱ्याला संगीत मिळतं, आणि त्यात कुणाला फसवणूक दिसत नाही.

धावण्याच्या बाबतीत कान नाहीत, घड्याळ आहे. म्हणून शरीर अधिक बारकाईने पाहावं लागतं. कोलोरॅडो विद्यापीठात अलेना ग्रॅबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही पाय कृत्रिम असलेल्या पाच धावपटूंना निरनिराळ्या आकारांच्या, ताठपणाच्या आणि उंचीच्या ब्लेडांवर पूर्ण वेगाने धावायला लावलं. त्यांच्या कमाल वेगावर परिणाम दिसला तो ब्लेडच्या आकाराचा. ताठपणा आणि उंची यांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पाच जणांचा अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. तरीही नियम ज्या गोष्टीला धरून बसला आहे, ती उंची आहे, आणि प्रयोगशाळेत एकेका धावपटूला पुन्हा पुन्हा पळवून पाहिलं तेव्हा बोट दुसरीकडे गेलं.

यात रुबिनस्टाइनच्या हॉटेलातल्या त्या खोलीची आठवण होते. समोरचा हात पाहायचा, तो काय करू शकतो ते ऐकायचं, आणि मग बोलायचं. महासंघाला हजारो खेळाडूंसाठी एक नियम लिहावा लागतो, त्याला शिक्षकाची चैन परवडत नाही, हे खरं आहे. पण नियमासाठी कुणाला मापायचं, हे त्याच्याच हातात आहे.

2024 च्या 6 सप्टेंबरला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये अमेरिकेचा हंटर वुडहॉल दोन्ही ब्लेडांवर 400 मीटर धावला आणि 46.36 सेकंदांत पहिला आला. त्याच्या पाठोपाठ नेदरलँड्सचा ऑलिव्हिएर हेंड्रिक्स आणि जर्मनीचा योहानेस फ्लोअर्स आले. महिनाभर आधी त्याची पत्नी तारा डेव्हिस-वुडहॉल हिने त्याच मैदानावर ऑलिंपिकची लांब उडी जिंकली होती. शर्यत संपताच तो तिला भेटायला धावला. वुडहॉल नियमातल्या उंचीवर धावतो. लीपरला ज्या ब्लेडांवर धावायची सवय होती, त्यांवर त्याला ऑलिंपिकचं दार उघडलं नाही. दोघांची शरीरं वेगळी आहेत, दोघांच्या मापांची सारणी एकच आहे. त्या सारणीत लीपरसारख्या शरीरांची मापं जोपर्यंत भरली जात नाहीत, तोपर्यंत त्याची ब्लेडं लांब होती की सारणी तोकडी होती, याचा निकाल लागलेला नाही.